मुदत कुणी सांगायची?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ भांडण केलं, कामकाजावर बहिष्कार टाकले, मोर्चे काढले. जतच्या किंवा आटपाडीच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली, वकिलाच्या गाडीभाड्याचा भुर्दंड वाचला. हे झालं ते उत्तमच. पण हायकोर्टापर्यंत जाणारं प्रकरण आधी तालुक्याच्या कोर्टात जिवंत असावं लागतं. आमच्या भागातली कितीतरी प्रकरणं तिथे दाखल व्हायच्या आधीच मरतात. कागद खरा असतो, पक्षकार खरा असतो, हक्कही असतो. मुदत तेवढी गेलेली असते.

मराठीत कायद्यावर हल्ली पुष्कळ लिहिलं आणि बोललं जातं. आरक्षणाची मर्यादा, राज्यपालांचे अधिकार, आमदारांची अपात्रता यांवर रकाने भरतात. 2022 नंतर पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची तर विट्याच्या चहाच्या टपरीवर लोकांना पाठ झाली. 'व्हिप कुणाचा खरा' यावर तिथे जी चर्चा ऐकायला मिळाली, तशी काही बाररूममध्येही झाली नसेल. हे वाईट मुळीच नाही. लोकांना राज्यघटना कळावी. पण त्याच टपरीवर चहा पिणाऱ्याच्या खिशात बँकेतून परत आलेला चेक असेल, तर किती दिवसांत काय करायचं हे त्याला सांगणारं लेखन कुठे दिसत नाही. कायद्यावर लिहिणाऱ्या आम्हा वकिलांना, निवृत्त न्यायाधीशांना, प्राध्यापकांना निकालाचं भाष्य आवडतं. मुदत हा विषय फार कारकुनी वाटतो. माझं म्हणणं असं आहे की सांगली-साताऱ्याच्या माणसाला कायद्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी या कारकुनी जागेवर लागते. तिथे लिहिणारे गप्प आहेत आणि कागद देणारी कार्यालयंही गप्प आहेत.

द्राक्षाचंच घेऊ. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग इथे जानेवारी ते एप्रिल हंगाम चालतो. व्यापारी बागेत येतो, दर ठरतो, विसार म्हणून थोडी रक्कम हातावर पडते, पेट्या भरून गाडी निघून जाते. उरलेल्या रकमेचा चेक. व्यापारी पुष्कळदा बाहेरच्या राज्यातला, त्याची ओळख गावातल्या दलालापुरती. चेक खात्यात भरला की दोन-चार दिवसांनी बँकेतून एक लहानसा मेमो येतो. इंग्रजीत. कारणांची छापील यादी, आणि एका ओळीपुढे पेनाने केलेली खूण: फंड्स इनसफिशियंट. ज्या बँकेत पैसे भरायची स्लिप तीन भाषांत छापलेली असते, तिथे पैसे बुडाल्याची बातमी मात्र एकाच भाषेत मिळते. बागायतदार तो कागद चेकसोबत घडी घालून खिशात ठेवतो आणि व्यापाऱ्याला फोन लावतो. पलीकडचा आवाज गोड असतो. 'अण्णा, वरचं पेमेंट अडकलंय हो. चेक परत टाकू नका, मी सांगतो तेव्हा टाका.'

अण्णा थांबतात. माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, फोन उचलतो, मग लगेच कोर्टकचेरी कशाला? असा विचार आमच्याकडचा कुणीही भला माणूस करील.

पण वकिलांच्या बोलीतलं 'एकशे अडतीस', म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138, थांबत नाही. चेक वठला नाही ही माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे चुकते करायला 15 दिवस. तेही गेले की पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद. गुन्हा शाबीत झाला तर 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र ही सवलत कायद्यात नाही. चेकवरच्या तारखेपासून 3 महिने तो पुन्हा भरता येतो, पुन्हा परत आला तर 30 दिवस नव्याने मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे अण्णांच्या हातात दोन वाटा होत्या: लगेच नोटीस पाठवायची, किंवा चेक परत भरून नव्या मेमोवर नोटीस पाठवायची. 'परत टाकू नका' या एका वाक्याने दोन्ही बंद झाल्या. व्यापाऱ्याला कलम माहीत होतं, अण्णांना नव्हतं.

अण्णा मग जूनमध्ये वकिलाकडे येतात. पैशासाठी दिवाणी दावा 3 वर्षांत लावता येतो, हे त्यांना सांगितलं जातं. पण त्याला दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते, आणि जेलच्या भीतीने जो माणूस चार महिन्यांत तडजोडीला येतो तो दिवाणी समन्सला भीक घालत नाही.

याच कलमातली आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेक देणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच कोर्टात फिर्याद करावी लागेल. म्हणजे तासगावच्या बागायतदाराने दिल्लीला नाहीतर कोलकात्याला हेलपाटे घालायचे. 2015 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि चेक घेणाऱ्याने तो स्वतःच्या खात्यात भरला असेल तर त्याच्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट चालेल असं ठरवलं. तासगावच्या बँकेत भरला तर तासगावचं कोर्ट. या दुरुस्तीला दहा वर्षं होऊन गेली तरी 'केस तिकडं जाऊन करावी लागते, परवडत नाही' असं सांगणारी माणसं मला दर हंगामात भेटतात. 2014 चा निकाल बातमी म्हणून गावापर्यंत पोचला. 2015 ची दुरुस्ती कुणी पोचवलीच नाही.

मुदत असूच नये असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आजोबांनी घेतलेल्या हातउसन्यावरून कुणी नातवाला कोर्टात खेचू नये. पुरावे विरतात, साक्षीदार जातात, आणि कुठेतरी माणसाला निवांत झोप लागली पाहिजे. 1963 चा मुदत कायदा याच शहाणपणावर उभा आहे. पण तो किती कडक आहे हे बघा: कलम 3 प्रमाणे मुदतीबाहेरचा दावा समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळलाच पाहिजे. 'कायदा माहीत नव्हता' ही सबब चालत नाही, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ठीक आहे. मग इतक्या कडक नियमाची माहिती माणसापर्यंत पोचवायची जबाबदारीही कुणावर तरी हवी की नको? सरकार कायदा राजपत्रात छापून मोकळं होतं. मराठी अनुवादही निघतात. सर्वोच्च न्यायालय तर 'सुवास' या यंत्रणेच्या मदतीने 2019 पासून निकालांचे भारतीय भाषांत अनुवाद करून घेतं आहे. चांगलं काम आहे. पण अनुवादित निकाल कोण वाचतं? ज्याचं प्रकरण संपलेलं आहे तो, आणि ज्याला परीक्षा द्यायची आहे तो.

जमिनीच्या बाबतीत हेच दुखणं जास्त खोल आहे, कारण तिथे समोर व्यापारी नसून भाऊ असतो. खानापूर, आटपाडी, माण या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. कुणी कोइमतूरला, कुणी कोलकात्याला सोनं-चांदी गाळतंय. वडील गेले, वारसनोंदीचा अर्ज झाला, तलाठ्याने फेरफार धरला. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. ती चावडीवर लागते, संबंधितांना पाठवायची असते, ती पोचते किंवा न पोचते. मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात. त्यावर प्रांताकडे अपील करायला जमीन महसूल संहितेच्या कलम 250 प्रमाणे 60 दिवस. कोइमतूरच्या माणसाला हे कळतं पुढच्या जत्रेला, गावी आल्यावर. या नोटिसा आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही लागतात, परगावी बसून मोबाईलवर बघता येतात. घरी वडील आजारी असतील तेव्हापासून महिन्यातून एकदा ते पान उघडून बघा, एवढं सांगणारा लेख किती घरांतली अपिलं वाचवील! (फेरफार झाला म्हणजे मालकी गेली असं नसतं, ती महसुली नोंद असते, हेही त्याच लेखात सांगावं. घाबरून चुकीच्या दाव्यात पैसे घालणारेही कमी नाहीत.)

आणि बहिणी. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असोत वा नसोत, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क आहे. सगळ्या वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. त्याच आठवड्यात माझ्याकडे ज्या बायका विचारायला आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी कधीतरी भावाच्या गाडीतून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केलेली होती. 'ताई, नुसती नोंदीपुरती सही आहे गं' असं सांगून आणलेलं. मथळ्याने त्यांना वाटलं की गेलेलं सगळं परत मिळणार. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र निकालाने आपोआप रद्द होत नाही. फसवून घेतलेलं असेल तर ते रद्द करून मागावं लागतं, आणि त्याला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं मिळतात. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटपंही उकरता येत नाहीत. हे दोन अपवाद आणि ही एक मुदत मथळ्यात मावत नाहीत, मान्य. पण चार-चार स्तंभांच्या लेखांतही ती मावली नाहीत याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं, आणि आता राग येतो. कारण ज्या बाईला 2020 मध्ये फसवणूक कळली, तिचे तीन वर्षांचे दिवस तो लेख वाचता वाचता सुरू झाले होते.

यावर आमच्या व्यवसायातून पहिला आक्षेप येतो तो अर्धवट ज्ञानाचा. लोक चार ओळी वाचून स्वतःच वकील होतात, म्हणे. यात तथ्य आहे. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईची मुदत घ्या. 1988 च्या कायद्यात अर्ज करायला 6 महिने होते. 1994 च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. पुढची 27 वर्षं वकील बिनधास्त सांगत होते, 'आधी पेशंट घरी येऊ दे, क्लेम काय कधीही करता येतो.' 2019 च्या दुरुस्तीने 6 महिने परत आणले आणि 1 एप्रिल 2022 पासून ते लागू झाले. खंबाटकीत अपघात झाला, माणूस कऱ्हाडला किंवा पुण्याला दवाखान्यात दोन महिने पडून राहिला, घरच्यांनी जुन्या ऐकीव माहितीवर भरवसा ठेवला, की सहा महिने गेलेच. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अंतरिम आदेश झाला की केवळ उशिराच्या कारणाने असे अर्ज फेटाळू नयेत. अंतिम निकाल काय लागेल त्यावर पुढचं अवलंबून. म्हणजे याच विषयावरचा 2010 मधला लेख त्या दिवशी बरोबर होता, 2023 मध्ये घातक होता. तेव्हा अर्धवट ज्ञानाची भीती खरी आहे. पण त्यावर उतारा गप्प बसणं हा कसा? लेखावर तारीख घाला, कलम घाला, कधीपासून लागू ते घाला, अपवाद घाला. औषधाच्या पाकिटावर जशी शेवटची तारीख असते तशी कायद्याच्या लेखावर 'अमुक दिवशीची स्थिती' ही ओळ असलीच पाहिजे. ती नसलेला लेख छापू नये, इतकं कडक धोरण संपादकांनी ठेवलं तरी मला चालेल.

दुसरा आक्षेप जाहिरातीचा. बार काउन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही. नियम योग्य आहे. पण चेकच्या नोटिशीला 30 दिवस असतात हे लिहिणं म्हणजे जाहिरात, असं मानायला काही आधार नाही. लेखाखाली मोबाईल नंबर टाकला की मग वाद.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही. लोकांना सगळं सांगितलं तर आपल्याकडे येईल कोण? बाररूममधल्या मित्रांना मी यावर एवढंच विचारतो की विसाव्या दिवशी आलेला पक्षकार फी देतो की साठाव्या दिवशी आलेला? साठाव्या दिवशीच्या माणसाला आपण चहा पाजून, चार सांत्वनाचे शब्द सांगून परत पाठवतो. मुदत माहीत झाल्याने वकिलाचं काम वाढतं, हा साधा व्यवहार आहे.

विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरं होतात, त्याबद्दलही बोललं पाहिजे. बॅनर, दीपप्रज्वलन, उद्देशिकेचं वाचन, स्त्रियांचे हक्क, मुलांचे हक्क, आभार, बिस्किटं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो आणि 15100 या नंबरवर फोन करता येतो, ही त्यातली खरी कामाची माहिती शेवटच्या पाच मिनिटांत येते, तीसुद्धा वक्ते आधी आटोपले तर. न्यायाची गोष्ट सांगायला आपल्याला आवडतं. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याशेजारच्या माहुलीचे, त्यामुळे इथल्या प्रत्येक शिबिरात ते येतातच. पेशव्याला तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश कुणाला आवडणार नाही? पण रामशास्त्र्यांपुढे उभं राहायच्या आधी कुठला कागद, कुणाकडे, कधीपर्यंत, हे सांगणारा माणूस त्या मांडवात नसतो.

आता कार्यालयांकडे वळतो, कारण लेख लिहून सगळं भागत नाही. लेख वाचणारा वाचतो, न वाचणारा नाही. मुदत ज्या कागदापासून सुरू होते त्याच कागदावर ती छापलेली असली पाहिजे. ही कल्पना स्वप्नातली नाही, आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 7, पोटकलम 8: माहिती नाकारायची असेल तर नाकारण्याची कारणं, अपील किती दिवसांत करायचं आणि कुणाकडे करायचं, या तिन्ही गोष्टी त्याच पत्रात लिहून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानेही सेवेची मुदत आणि अपिलाचा अधिकारी फलकावर लावायला लावला आहे. माहिती नाकारल्यावर अपील कुठे करायचं हे जर सांगता येतं, तर जमीन दुसऱ्याच्या नावावर चढल्यावर का सांगता येऊ नये? फेरफाराच्या निर्णयाखाली, तहसीलदाराच्या आदेशाखाली, बँकेच्या मेमोखाली मराठीतल्या तीन ओळी. खर्च एका रबरी शिक्क्याचा.

बँका म्हणतील, ग्राहकाला कायदेशीर सल्ला देणं आमचं काम नाही. खरं आहे, पण सल्ला कुणी मागितलेला नाही. '30 दिवसांत लेखी नोटीस न दिल्यास कलम 138 खालील हक्क जाऊ शकतो' हे वाक्य सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याइतकंच निर्जीव आहे. यातली खरी अडचण वेगळी आहे: शिक्क्यावर मुदत चुकीची छापली गेली तर? कायदा बदलला आणि शिक्का जुनाच राहिला तर? माझं उत्तर असं की कार्यालयाने चुकीची मुदत लिहून दिली आणि माणूस त्यावर विसंबला, तर उशीर विनाशर्त माफ व्हावा, आणि हे कायद्यातच लिहावं. चेकच्या नोटिशीपुरती तशी सोय करायला संसदेला दुरुस्ती करावी लागेल. फेरफार आणि महसुली आदेशांसाठी तर राज्य सरकारच्या एका शासन निर्णयाने सुरुवात होते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांचे आमदार विधिमंडळात उसाच्या एफआरपीवर बोलतात, पाण्यावर बोलतात. यावर अर्धा तास मागायला हरकत नसावी.

तोवर संघटनांना करता येण्यासारखं एक काम आहे. द्राक्षाचे चेक परत यायला लागतात ते मार्च-एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. 'कोर्ट बंद आहे, जूनमध्ये बघू' असं त्या दिवसांत सर्रास ऐकू येतं. नोटीस कोर्टातून जात नाही, पोस्टातून जाते, आणि पोस्ट मे महिन्यातही उघडं असतं. बागायतदारांच्या संघटना दर वर्षी छाटणीचं आणि फवारणीचं वेळापत्रक छापून गावोगाव वाटतात. त्याच कागदाच्या मागची बाजू कोरी असते. येत्या जानेवारीआधी तिथे चेकचं वेळापत्रक छापा. मजकूर लिहून द्यायला सांगली, तासगाव, मिरजेच्या बार असोसिएशनमध्ये चार वकील सहज मिळतील, आणि तो मजकूर फुकट मिळावा, असं मी त्यांच्या वतीने इथेच कबूल करून टाकतो.